एन-मिथाइल, एन-नायट्रोसो… अमाइनची नावं वाचायची कशी?

२०१८च्या जुलैमध्ये व्हालसार्टन या रक्तदाबाच्या औषधाचे साठे आधी युरोपात आणि पाठोपाठ अमेरिकेत परत मागवले गेले. पुढच्या वर्षी रॅनिटिडिनची पाळी आली. छातीत जळजळ झाली की आपल्याकडे दुकानातून सहज आणली जाणारी ही गोळी. १ एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती बाजारातून काढायला सांगितली, आणि भारतातही २०२२च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून तिचं नाव गेलं. २०२०मध्येच मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाच्या सावकाश विरघळणाऱ्या काही गोळ्या अमेरिकेत परत घ्याव्या लागल्या. तिन्ही बातम्यांत तीच चार अक्षरं होती, एनडीएमए. पूर्ण नाव एन-नायट्रोसोडायमिथाइलअमाइन, या गोळ्यांत सापडलेली, बहुधा कर्करोगकारक असलेली अशुद्धी.

वर्तमानपत्रांनी हे नाव छापलं आणि पुढे गेले. वाचकही पुढे गेले. खरं तर त्या नावात सगळी माहिती आहे: त्या रेणूत कोण कोणाला जोडलंय, किती जण जोडलेत, आणि थोडा विचार केला तर ही नको असलेली वस्तू गोळीत आली कुठून याचाही माग. त्यासाठी बारावीचं सगळं रसायनशास्त्र आठवायची गरज नाही. अमाइन म्हणजे काय आणि त्यांना नावं कशी देतात, एवढं कळलं तरी पुरतं.

## सुरुवात अमोनियापासून

अमोनियाच्या रेणूत मधोमध एक नायट्रोजन आणि त्याला जोडलेले तीन हायड्रोजन असतात. यातला एखादा हायड्रोजन काढून त्या जागी कार्बनचा गट बसवला की अमाइन तयार होतं. सगळ्यात लहान कार्बनचा गट म्हणजे मिथाइल: एक कार्बन आणि त्याला तीन हायड्रोजन. दोन कार्बनचा इथाइल, तीनचा प्रोपाइल, चारचा ब्युटाइल. एवढे शब्द या लेखाला पुरतील.

वुर्ट्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८४९मध्ये मिथाइलअमाइन आणि इथाइलअमाइन पहिल्यांदा बनवली. वासाला ती अमोनियाच्या इतकी जवळ आहेत की नुसत्या नाकाने फसायला होतं. फरक हा की ती पेट घेतात. लवकरच हॉफमान या जर्मन शास्त्रज्ञाने या संयुगांची आजही वापरली जाणारी विभागणी केली. नायट्रोजनवरच्या तीनपैकी एका जागी कार्बनचा गट असेल तर ते प्राथमिक अमाइन, दोन जागी असेल तर द्वितीयक, तिन्ही जागी असेल तर तृतीयक.

ही विभागणी परीक्षेत दोन गुणांसाठी विचारतात म्हणून पाठ केली जाते आणि विसरली जाते. एनडीएमएच्या प्रकरणात सगळा प्रश्न याच विभागणीपाशी येऊन थांबतो, म्हणून ती इथे लक्षात ठेवायला हवी.

## नावाची गरजच काय, सूत्र आहे ना?

आहे, पण सूत्र पुरत नाही. तीन कार्बन, नऊ हायड्रोजन आणि एक नायट्रोजन घ्या. एवढ्या अणूंपासून एक नाही, चार वेगवेगळी अमाइन्स बनतात.

तीन कार्बन सरळ ओळीत आणि नायट्रोजन टोकाला, हे पहिलं. ते सुमारे ४८ अंश सेल्सिअसला उकळतं. तीच ओळ, पण नायट्रोजन मधल्या कार्बनला, हे दुसरं. ते ३२-३३ अंशांच्या आसपासच उकळतं. नायट्रोजनच्या एका बाजूला दोन कार्बनचा गट आणि दुसऱ्या बाजूला एक कार्बनचा, हे तिसरं, उत्कलनबिंदू ३६-३७ अंश. आणि चौथ्यात नायट्रोजनच्या तिन्ही जागांवर एकेक मिथाइल. हे साधारण ३ अंशांनाच उकळतं, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत ते वायूच असतं. वजन चौघांचं अगदी सारखं.

चौथ्याचा उत्कलनबिंदू एवढा खाली का? पहिल्या तिघांच्या नायट्रोजनवर निदान एक हायड्रोजन शिल्लक आहे. त्या हायड्रोजनच्या जोरावर हे रेणू शेजारच्या रेणूला धरून राहतात, आणि त्यांना सुटं करायला उष्णता जास्त लागते. चौथ्याच्या नायट्रोजनवर हायड्रोजन उरलेलाच नाही, त्यामुळे त्याचे रेणू चटकन उडून जातात. त्याचं नाव ट्रायमिथाइलअमाइन, आणि त्याची आपली ओळख जुनी आहे. समुद्राचा मासा शिळा होऊ लागला की जो वास सुटतो त्यात मुख्य वाटा याचाच असतो.

आता टँकरमध्ये या चौघांपैकी काय भरलंय हे सांगायचं असेल, तर ‘तीन कार्बन, नऊ हायड्रोजन, एक नायट्रोजन’ असं लिहून भागणार नाही. एक द्रव आहे, एक दाबाखाली भरलेला वायू आहे, आणि अपघात झाला तर अग्निशमन दलाला दोन्हींसाठी वेगवेगळं काम करावं लागणार आहे. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर पदार्थाचं नेमकं तांत्रिक नाव आणि चार आकडी संयुक्त राष्ट्र क्रमांक लिहावा लागतो. निर्जल मिथाइलअमाइनचा १०६१, डायमिथाइलचा १०३२, ट्रायमिथाइलचा १०८३. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीच्या आसपास किंवा पाताळगंगा, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींकडे जाणाऱ्या टँकरवर असे क्रमांक दिसू शकतात, कारण ही अमाइन्स बनवणारे देशातले मोठे कारखाने याच पट्ट्यात आहेत.

## कारखान्यातलं नाव आणि पुस्तकातलं नाव

कारखान्यात मिथाइलअमाइनला कोणी ‘मिथेनामाइन’ म्हणत नाही. तिथे एमएमए, डीएमए, टीएमए चालतं: मोनो, डाय आणि ट्रायमिथाइलअमाइन. अमोनिया आणि मिथेनॉल तापलेल्या उत्प्रेरकावरून सोडले की तिन्ही एकत्रच तयार होतात आणि मग ऊर्ध्वपातनाने वेगळी करावी लागतात. ही नावं जुन्या पद्धतीची आहेत. नायट्रोजनवर कोणकोणते गट आहेत ते सांगायचं आणि शेवटी ‘अमाइन’ जोडायचं. इथाइलअमाइन, डायइथाइलअमाइन, इथाइलमिथाइलअमाइन. सोपी, सुटसुटीत पद्धत.

पण गट मोठे आणि फांद्यांचे होऊ लागले की ही पद्धत हात टेकते. पाच-सहा कार्बनच्या फांदीदार गटाला आधी स्वतंत्र नाव हवं, आणि ते सगळ्यांना सारखंच माहीत हवं. १८९२मध्ये जिनिव्हात रसायनशास्त्रज्ञांची बैठक झाली ती याच गोंधळाला शिस्त लावायला. १९१९मध्ये स्थापन झालेल्या आययूपीएसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते काम पुढे नेलं. सेंद्रिय संयुगांच्या नावांबद्दलच्या तिच्या सध्याच्या शिफारशी २०१३च्या आहेत.

या पद्धतीत सुरुवात कार्बनच्या साखळीपासून होते. नायट्रोजनला जोडलेली सगळ्यात लांब साखळी शोधायची, ती जनक साखळी. एक कार्बन असेल तर मिथेन, दोन असतील तर इथेन, मग प्रोपेन, ब्युटेन. तिच्या नावापुढे ‘अमाइन’ हा प्रत्यय. नायट्रोजन साखळीत कितव्या कार्बनला आहे तो आकडा मध्ये घालायचा, आणि साखळी मोजायला अशा टोकापासून सुरुवात करायची की हा आकडा शक्य तितका लहान येईल. वरच्या चौघांतलं पहिलं मग झालं प्रोपेन-१-अमाइन आणि दुसरं प्रोपेन-२-अमाइन. दुकानात या दुसऱ्याला आयसोप्रोपाइलअमाइन म्हणतात.

दोन नायट्रोजन असतील तर डायअमाइन. नायलॉन ६,६ बनवायला लागणारं हेक्झामिथिलीनडायअमाइन या पद्धतीत हेक्झेन-१,६-डायअमाइन होतं: सहा कार्बनची साखळी आणि दोन्ही टोकांना एकेक नायट्रोजन. कुजलेल्या मांसाच्या दुर्गंधीत असणाऱ्या एका संयुगाला जुन्या शास्त्रज्ञांनी प्युट्रेसिन असं नाव दिलं होतं. नियमाने ते साधं ब्युटेन-१,४-डायअमाइन आहे, म्हणजे नायलॉनवाल्याचंच दोन कार्बन कमी असलेलं भावंड. दुर्गंधी नावातून गेली, बाटलीतून नाही.

## तो ‘एन’ कोण?

आता वरच्या चौघांतले तिसरे आणि चौथे पाहू. नायट्रोजनवर एकापेक्षा जास्त गट असतील तर काय करायचं? सगळ्यात लांब साखळी जनक म्हणून घेतली, पण उरलेला गट कुठे आहे हे सांगायला साखळीचा आकडा उपयोगी नाही, कारण तो गट साखळीवर नाहीच. तो थेट नायट्रोजनवर आहे. नायट्रोजनचं रासायनिक चिन्ह एन. म्हणून आकड्याच्या जागी एन लिहायचा. तिसरं झालं एन-मिथाइलइथेनामाइन: दोन कार्बनची साखळी, टोकाला नायट्रोजन, आणि नायट्रोजनवरच एक मिथाइल. चौथं, म्हणजे ट्रायमिथाइलअमाइन, झालं एन,एन-डायमिथाइलमिथेनामाइन. एक मिथाइल जनक बनला, दोन नायट्रोजनवर उरले, म्हणून एन दोनदा.

शिकवताना सगळ्यात जास्त चुका या एनपाशी होतात, आणि मला वाटतं त्याचं कारण पाठांतर आहे. मुलं त्याला सजावट समजतात. एक जोडी नुसती शेजारी ठेवली तरी हा गैरसमज जातो. एन-मिथाइलअ‍ॅनिलिन आणि ४-मिथाइलअ‍ॅनिलिन. अ‍ॅनिलिन म्हणजे बेंझीनच्या, सहा कार्बनच्या कड्याला जोडलेलं अमाइन. दोन्हींचे अणू तेच आणि तेवढेच. पहिल्यात मिथाइल नायट्रोजनवर आहे, म्हणून ते द्वितीयक अमाइन आणि खोलीच्या तापमानाला द्रव. दुसऱ्यात मिथाइल नायट्रोजनपासून लांब, कड्याच्या समोरच्या टोकाला आहे, म्हणून ते प्राथमिक अमाइन, आणि ४४ अंशांच्या आसपास वितळणारा घन पदार्थ. एन गाळला किंवा त्याच्या जागी ४ आला तर वस्तूच बदलते.

गट वेगवेगळे असतील तर ते इंग्रजी वर्णक्रमाने लावतात, आणि डाय, ट्राय यांची अक्षरं त्यात मोजत नाहीत. देवनागरीत लिहिताना इथे एक गंमत होते. आपल्या वर्णमालेत ‘इ’ आधी आणि ‘ब’ नंतर, पण नियमानुसार ब्युटाइल आधी येतो आणि इथाइल नंतर. मराठीत नाव लिहा, क्रम मात्र इंग्रजीचाच ठेवा.

## प्राथमिक, द्वितीयक: इथे गफलत होते

अल्कोहोल शिकून आलेल्याला इथे हमखास शंका येते. टर्शरी ब्युटाइल अल्कोहोल हे तृतीयक अल्कोहोल, मग टर्शरी ब्युटाइलअमाइन तृतीयक अमाइन का नाही? कारण दोन्हीकडे मोजणी वेगळ्या जागी होते. अल्कोहोलमध्ये ज्या कार्बनवर ऑक्सिजन बसलाय त्या कार्बनला किती कार्बन जोडलेत ते मोजतात. अमाइनमध्ये नायट्रोजनलाच किती कार्बन जोडलेत ते मोजतात. टर्शरी ब्युटाइलअमाइनच्या नायट्रोजनवर एकच गट आहे. तो गट कितीही फांद्यांचा असो, अमाइन प्राथमिकच. आययूपीएसी नाव घेतलं तर हा घोळ मुळात होतच नाही: २-मिथाइलप्रोपेन-२-अमाइन. नावात एन नाही, म्हणजे नायट्रोजनवर दुसरा गट नाही.

## मान कोणाचा मोठा?

एका रेणूत अमाइनबरोबर अल्कोहोल किंवा आम्लाचा गटही असेल तर प्रत्यय कोणाचा लावायचा? लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्याचं नाव येतं आणि बाकीचे खालच्या ओळीत जातात, तसंच इथे चालतं. ज्येष्ठता ठरलेली आहे: कार्बॉक्सिलिक आम्ल सगळ्यात वर, मग उतरत्या क्रमाने एस्टर, अमाइड, नायट्राइल, अल्डिहाइड, कीटोन, अल्कोहोल आणि त्याच्याही खाली अमाइन. शेवटचा प्रत्यय ज्येष्ठ गटाला मिळतो. कनिष्ठ गट नावाच्या सुरुवातीच्या भागात उपसर्ग म्हणून येतो, आणि अमाइनचा उपसर्ग असतो ‘अमिनो’.

अमिनो आम्ल हा शब्द म्हणूनच तसा आहे. त्यात अमाइन आहे आणि आम्लही आहे, पण प्रत्ययाचा मान आम्लाचा. वायूंमधला कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायला वापरलं जाणारं मोनोइथेनॉलअमाइन (कारखान्यात एमईए) नियमाने २-अमिनोइथेन-१-ऑल होतं. मेंदूतल्या डोपामाइनचं तर आणखी मजेदार. रोजच्या नावाच्या शेवटी ‘अमाइन’ ठणठणीत ऐकू येतं, पण नियमाचं नाव ४-(२-अमिनोइथाइल)बेंझीन-१,२-डायऑल. दोन अल्कोहोलसारखे गट कड्यावर बसलेत आणि त्यांचा मान मोठा, म्हणून शेवट डायऑलने होतो आणि अमाइन मध्ये कंसात जातं. अमाइन नाहीसं झालेलं नाही.

## अ‍ॅनिलिनला सूट का?

इतके नियम करूनही काही जुनी नावं आययूपीएसीने राखून ठेवली. त्यात सगळ्यात ठळक अ‍ॅनिलिन, म्हणजे बेंझीनच्या कड्याला जोडलेलं साधं अमाइन. नियमाने ते बेंझिनामाइन व्हायला हवं, आणि काही शास्त्रीय सूचींमध्ये तसं असतंही. पण २०१३च्या शिफारशींत पहिली पसंती अ‍ॅनिलिनलाच आहे.

ज्या पदार्थाने नावांच्या गोंधळाचा खरा कळस गाठला त्यालाच सूट मिळावी, यात थोडा विनोद आहे. १८२६मध्ये उनव्हरडोर्बेन यांनी निळीचं ऊर्ध्वपातन करून एक तेलकट द्रव मिळवला आणि त्याला क्रिस्टॅलिन म्हटलं. १८३४मध्ये रुंगे यांना डांबरातून एक द्रव मिळाला. विरंजक चूर्णाबरोबर तो निळा रंग देत होता, म्हणून त्याचं नाव कायनॉल. १८४०मध्ये फ्रिट्झ्शे यांनी पुन्हा निळीवरच कॉस्टिक पोटॅशची क्रिया केली आणि मिळालेल्या द्रवाला अ‍ॅनिलिन म्हटलं. १८४२मध्ये झिनिन यांनी रशियात नायट्रोबेंझीनपासून एक द्रव बनवला, त्याचं नाव बेंझिडाम. चार प्रयोगशाळा, चार नावं, चार शोध. १८४३मध्ये हॉफमान यांनी चौघांचे नमुने तपासून दाखवून दिलं की हा एकच पदार्थ आहे.

म्हणजे सतरा वर्षं एकाच बाटलीवर वेगवेगळ्या चिठ्ठ्या लागत होत्या. नियमबद्ध नावं असती, तर रचना कळताक्षणी चौघांनाही एकच नाव सुचलं असतं. अर्थात तेव्हा रचना कळण्याचीच सोय नव्हती, हेही खरं.

पुढे १८५६मध्ये हॉफमान यांच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला, विल्यम पर्किनला, लंडनमध्ये अशुद्ध अ‍ॅनिलिनपासून मॉव्ह हा जांभळा रंग मिळाला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. व्यापारात, कायद्यात, पाठ्यपुस्तकांत अ‍ॅनिलिन हेच नाव रुजलं. रायगड जिल्ह्यातल्या रसायनी इथे हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीने अ‍ॅनिलिन बनवलं ते याच नावाने. एवढं मुरलेलं नाव बदललं तर गोंधळ कमी होण्याऐवजी वाढेल, हा सूट देण्यामागचा व्यवहार. मला तो पटतो.

## हायड्रोक्लोराइड, मॅलिएट हे शेपूट कशाला?

औषधाच्या पट्टीवर क्लोरफेनिरामाइन मॅलिएट, सेटिरिझिन हायड्रोक्लोराइड असं लिहिलेलं असतं. यातला दुसरा शब्द आम्लाकडून आलेला आहे. अमाइन अल्कलीसारखं वागतं. आम्ल भेटलं की त्याच्या नायट्रोजनवर एक हायड्रोजन जास्तीचा येऊन बसतो आणि क्षार तयार होतो. हा क्षार घन असतो, पाण्यात बहुधा चांगला विरघळतो आणि हवेत उडून जात नाही. औषध कंपनीला हेच हवं असतं. नावात मग ‘अमाइन’चं ‘अमोनियम’ होतं: ट्रायमिथाइलअमाइन आणि हायड्रोक्लोरिक आम्ल मिळून ट्रायमिथाइलअमोनियम क्लोराइड. औषधांच्या बाबतीत मात्र मूळ नाव तसंच ठेवून पुढे हायड्रोक्लोराइड लावायचा प्रघात आहे.

माशाला लिंबू, कोकम किंवा चिंच लावल्यावर वास मरतो त्यामागे हीच क्रिया आहे. ट्रायमिथाइलअमाइनचा क्षार झाला की ते हवेत येत नाही आणि नाकापर्यंत पोचत नाही.

नायट्रोजनवर कार्बनचे एकूण चार गट बसवले तर तो कायमचा अमोनियम होतो. जंतुनाशकांच्या बाटलीवरचं बेंझाल्कोनियम क्लोराइड या जातीचं.

आणि पॅरासिटामॉल? त्यात नायट्रोजन आहे, तरी पट्टीवर हायड्रोक्लोराइड का नसतं? त्याचं रासायनिक नाव एन-(४-हायड्रॉक्सिफेनाइल)अ‍ॅसिटामाइड. शेवटी अमाइन नाही, अमाइड आहे. अमाइडमध्ये नायट्रोजनला लागून असलेल्या कार्बनवर ऑक्सिजन दुहेरी बंधाने बसलेला असतो. तो नायट्रोजनकडचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो आणि नायट्रोजनचा अल्कलीपणा जवळजवळ संपतो. मग त्याचा नेहमीसारखा क्षार बनत नाही. वाचताना न आणि ड यांत नजर चुकली तर एका गटाचं संयुग दुसऱ्या गटात जातं.

## एवढं लांब नाव म्हणजे विषच ना?

सर्दीच्या गोळीतल्या क्लोरफेनिरामाइनचं पूर्ण नाव असं: ३-(४-क्लोरोफेनाइल)-एन,एन-डायमिथाइल-३-(पिरिडिन-२-इल)प्रोपेन-१-अमाइन. कोणी हे समाजमाध्यमावर टाकून खाली ‘तुम्ही रोज हे खाताय’ असं लिहिलं तर दहा हजार लोक पुढे ढकलतील. नाव शेवटाकडून वाचायला घ्या. प्रोपेन-१-अमाइन: तीन कार्बनची साखळी, पहिल्या कार्बनला नायट्रोजन. एन,एन-डायमिथाइल: त्या नायट्रोजनवर दोन मिथाइल, म्हणजे तृतीयक अमाइन. साखळीच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या कार्बनवर, दोन कडी: एकावर समोरच्या जागी क्लोरीन, दुसऱ्या कड्यातच एक नायट्रोजन. संपलं. कागदावर चित्र काढायला लागणारी सगळी माहिती यात आहे, आणि त्यापलीकडे नाव काहीच सांगत नाही. ते विषारी आहे की नाही, किती घेतलं तर चालेल, झोप येईल का, यातलं काहीही नावात नसतं. गोळी घेऊन झोप येते हे गोळी घेतल्यावरच कळतं.

उलटही खरं. एनडीएमएचा रेणू क्लोरफेनिरामाइनच्या मानाने अगदी चिमुकला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलाय. खारवलेल्या, धूर दिलेल्या मांसात आणि बिअरमध्येही तो थोड्या प्रमाणात सापडतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने औषधांसाठी दिवसाची मर्यादा ठरवली ९६ नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम.

## मग एनडीएमए गोळीत आलं कुठून?

नाव फोडू. डायमिथाइलअमाइन: नायट्रोजनवर दोन मिथाइल आणि एक हायड्रोजन, म्हणजे द्वितीयक. त्याच्या आधी एन-नायट्रोसो: उरलेला हायड्रोजन जाऊन त्या जागी, थेट नायट्रोजनवर, नायट्रोसो गट आलाय. हा गट म्हणजे एक नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन. हेच संयुग एन-मिथाइल-एन-नायट्रोसोमिथेनामाइन असंही लिहिलेलं सापडतं. वर पाहिलेल्या नियमाने जनक साखळी मिथेन धरली की तेच नाव येतं.

म्हणजे हे बनायला दोन गोष्टी लागतात: डायमिथाइलअमाइन आणि नायट्रोसो देणारा कोणी. तो देणारा म्हणजे नायट्रस आम्ल, जे सोडियम नायट्राइट आणि आम्ल एकत्र आले की तयार होतं. प्राथमिक अमाइनवर नायट्रस आम्ल गेलं तर जे बनतं ते टिकत नाही. साध्या साखळीच्या अमाइनमध्ये तर नायट्रोजन वायू होऊन निघूनच जातो. द्वितीयक अमाइनवर गेलं तर मात्र टिकाऊ नायट्रोसामाइन बनतं आणि तसंच राहतं. हॉफमानची ती प्राथमिक-द्वितीयकची विभागणी आठवा.

व्हालसार्टनच्या प्रकरणात नेमकं हेच झालं होतं. चीनमधल्या एका उत्पादकाने औषध बनवण्याची कृती बदलली. नव्या कृतीत डायमिथाइलफॉर्मामाइड हा द्रावक वापरला जात होता. त्याच्याही नावात डायमिथाइल आहे, आणि तो थोडा जरी विघटित झाला तरी डायमिथाइलअमाइन सुटतं. शेवटी, कृतीत वापरून उरलेलं अझाइड हे रसायन नष्ट करायला सोडियम नायट्राइट आणि आम्ल घातलं जात होतं. द्वितीयक अमाइन आणि नायट्रस आम्ल एकाच भांड्यात आले. तयार माल तपासताना एनडीएमए कोणी शोधतच नव्हतं, म्हणून ते काही वर्षं कोणाला दिसलं नाही.

रॅनिटिडिनची गोष्ट वेगळी. त्याचं पूर्ण नाव दोन ओळींचं आहे, ते इथे देत नाही. पण त्यात एका टोकाला ‘डायमिथाइलअमिनो’ आहे आणि दुसऱ्या टोकाला ‘नायट्रो’. दोन्ही तुकडे एकाच रेणूत. तपासण्यांमध्ये दिसलं की गोळ्या जितक्या जुन्या होतात आणि जितक्या गरम जागी ठेवल्या जातात तितकं त्यांतलं एनडीएमए वाढतं. इथे कारखान्यातली कृती सुधारून भागण्यासारखं नव्हतं, म्हणून अमेरिकेत औषधच मागे घेतलं गेलं.

मेटफॉर्मिनमध्येही दोन मिथाइल एकाच नायट्रोजनवर आहेत, आणि ते बनवताना डायमिथाइलअमाइनचाच क्षार वापरतात. पण परत मागवल्या गेल्या त्या काही कंपन्यांच्या, सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या. बाकीच्या चालू राहिल्या, आजही चालू आहेत.

## तर डायमिथाइल दिसलं की गोळी फेकायची?

नाही. वरचं क्लोरफेनिरामाइनच पाहा, त्यातही एन,एन-डायमिथाइल आहे. नाव वाचून कुठे लक्ष ठेवायचं ते कळतं, गोळीत प्रत्यक्ष किती एनडीएमए आहे ते कळत नाही. ते मोजायला क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक वेगळे करणं) आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (वजनावरून रेणू ओळखणं) जोडलेली यंत्रं लागतात, आणि हे मोजणं उत्पादकाचं काम आहे. २०१८नंतर युरोप-अमेरिकेच्या नियामकांनी कंपन्यांना आपल्या औषधांची या अंगाने पाहणी करायला सांगितली: कृतीत कुठे द्वितीयक अमाइन येतं का, कुठे नायट्राइट येतं का, आणि दोघांची गाठ पडू शकते का. द्रावक पुन्हा वापरला जात असेल तर त्यात काय साचतं, गोळीत मिसळल्या जाणाऱ्या पिठासारख्या पदार्थांत नायट्राइटचा अंश किती, इथपर्यंत ही तपासणी जाते. रक्तदाबाची किंवा साखरेची चालू गोळी बातमी वाचून स्वतःहून बंद करण्याचा धोका नॅनोग्रॅमच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आणि लगेचचा असतो. शंका असेल तर पट्टी घेऊन डॉक्टरकडे जा, आणि पट्टीवरचा बॅच नंबर खोडला जाईल अशा बाजूने गोळ्या फोडू नका. माल परत मागवला जातो तो त्या नंबरावरून.